नर्स होण्याचे वय कोणते?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीनंतर काय, या विषयावर दरवर्षी या व्यासपीठावरून कोणी ना कोणी बोलत असते. मुलांनी शिकावे, मुलींनाही शिकवावे, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे आणि ते आपणांस मान्यही आहे. म्हणून तेच मी पुन्हा सांगणार नाही. आज मी एकाच शिक्षणक्रमाबद्दल आणि त्यातल्याही एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. तो प्रश्न असा : नर्स होण्याचे वय कोणते? नर्सिंगचे शिक्षण माणूस कोणत्या वयापर्यंत पुरे करू शकतो?

प्रश्न आपणांस लहान वाटेल. परंतु त्याचे चुकीचे उत्तर मिळाल्यामुळे एका घराचे किती नुकसान झाले, हे मी पाहिले आहे. आणि ते चुकीचे उत्तर देणारा दुसरा कोणी नव्हता, मीच होतो. म्हणून आधी ती हकिकत सांगतो.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मला शाळेत लागून चार-पाच वर्षे झाली होती. जून महिना, प्रवेशाची गर्दी. मुलीचे नाव पाचवीत घालण्यासाठी एक बाई आल्या. त्यांचे यजमान मालट्रकवर ड्रायव्हर होते. अपघात होऊन ते तीन महिने सरकारी इस्पितळात होते आणि तेथेच त्यांचे निधन झाले. फॉर्म भरून झाल्यावरही त्या जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सर, एक विचारायचं होतं. मी लग्नाआधी बारावी केलीय, आर्ट्समधून. इस्पितळात तीन महिने मीच यांचं सगळं करायची. तिथल्या सिस्टर म्हणायच्या, तुझा हात चांगला आहे. मला नर्सिंगला घेतील का हो?"

मी विचारले, "आपा, तुमचे वय काय?"

"एकोणतीस."

मी हसलो नाही, पण जवळजवळ हसल्यासारखेच बोललो. म्हणालो, "आपा, ते अठरा-वीस वर्षांच्या मुलींचे काम. आता तुमचे वय कुठे राहिले? आता मुलीकडे बघा." त्यांनी मान हलवली, "शुक्रिया सर," म्हणाल्या आणि गेल्या. मी पुढचा फॉर्म घेतला. मी कोणाला विचारले नव्हते, कोठलाही नियम वाचला नव्हता. पण मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक, आणि शिक्षकाने सांगितले म्हणजे ते खरेच असणार, असे त्या समजल्या.

पुढे सहा वर्षे गेली. माझे वडील आजारी पडले, त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. रात्रपाळीला एक परिचारिका होती. ती वडिलांची फार आपुलकीने काळजी घेई. वयावरून मला वाटले, ही जुनी अनुभवी सिस्टर असावी. बोलता बोलता कळले की ती तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे, वय चौतीस, घरी दोन मुले. मी आश्चर्याने विचारले, "या वयात प्रवेश मिळाला?" ती म्हणाली, "पस्तिशीपर्यंत मिळतो ना सर. तुम्ही शिक्षक, तुम्हांला ठाऊक नाही?"

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी त्या बाईंच्या घरी गेलो. दिवसा त्या एका खाजगी दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करीत होत्या आणि रात्री शिवणकाम. दवाखान्यात चादरी बदलणे, पेशंटला उठवणे-बसवणे, भांडे देणे, हे सारे त्या करीत होत्या. काम निम्मे नर्सचे होते, पगार मात्र मावशीचा. मी म्हणालो, "आपा, त्या दिवशी मी तुम्हांला चुकीचे सांगितले. पस्तीस वर्षांपर्यंत दार उघडे होते." त्यांनी बोटांवर मोजले. त्यांना छत्तिसावे लागले होते. म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा माझ्याकडे सहा वर्षं होती."

मी काय बोलणार? थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "माझं राहू द्या, सर. पोरीची दहावी झाली. तिचं अकरावीचं बघा. आणि या वेळी विचारून सांगा."

मित्रहो, आज मी जे सांगतो आहे ते 'विचारून' सांगतो आहे.

आपल्या देशात नर्सिंगचे शिक्षण कसे असावे, हे भारतीय परिचर्या परिषदेने ठरवून दिले आहे. ही परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली. महाराष्ट्रात नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते, तिला १९६६ च्या राज्य कायद्याचा आधार आहे. २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संमत केला आहे. त्यामुळे नियमांत पुढे फेरफार होऊ शकतात. आपण फॉर्म भराल त्या वर्षीची माहितीपुस्तिका अवश्य पाहावी. पण मूळ रचना समजून घेणे अवघड नाही.

मुख्य वाटा तीन आहेत. पहिली ए. एन. एम., म्हणजे साहाय्यक परिचारिका आणि प्रसाविका. हा शिक्षणक्रम दोन वर्षांचा, फक्त स्त्रियांसाठी, बारावीनंतरचा. खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रावर ज्या 'नर्सबाई' आपण पाहतो, लसीकरण करणाऱ्या, बाळंतपणाची नोंद ठेवणाऱ्या, त्या ही वाट चालून आलेल्या असतात. दुसरी वाट जी. एन. एम., तीन वर्षांची. तिला बारावी इंग्रजी विषयासह आणि किमान ४० टक्के गुण लागतात. विज्ञान शाखा असल्यास उत्तम, परंतु कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही ही वाट बंद नाही. तिसरी वाट बी. एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची विद्यापीठाची पदवी. तिला बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन झालेली असावी लागते आणि सर्वसाधारण उमेदवाराला या विषयांत ४५ टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. जी. एन. एम. आणि बी. एस्सी. या दोन वाटा मुलांनाही खुल्या आहेत.

आता वयाकडे वळू. या तिन्ही शिक्षणक्रमांना प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि कमाल मर्यादा ३५ वर्षांची आहे. सतरा ते पस्तीस म्हणजे अठरा वर्षांचे अंतर. एकाच बाकावर बसलेल्या दोन विद्यार्थिनींत एक दुसरीच्या आईच्या वयाची असू शकते, इतके हे दार रुंद आहे. आणि मी त्या बाईंना एकोणतिसाव्या वर्षी सांगितले की दार बंद झाले.

हिशेब मांडून पाहू. मी गणिताचा शिक्षक नाही, पण हा हिशेब मलाही येतो. जी मुलगी अठराव्या वर्षी बारावी होते, ती ए. एन. एम. केल्यास विसाव्या वर्षी, जी. एन. एम. केल्यास एकविसाव्या वर्षी आणि बी. एस्सी. केल्यास बाविसाव्या वर्षी शिक्षण पुरे करते. जी. एन. एम. झाल्यावर पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी. एस्सी. शिक्षणक्रम आहे, तो लगेच केला तर तेविसाव्या वर्षी पदवी हाती येते. बी. एस्सी. नंतर एक वर्ष अनुभव आणि दोन वर्षे एम. एस्सी. म्हटले तर पंचवीस. हे झाले सरळ रस्त्याने जाणाऱ्यांचे. आता जी बाई सव्विसाव्या वर्षी पहिले मूल शाळेत घालून जी. एन. एम.ला जाते, ती एकोणतिसाव्या वर्षी नर्स होते. जी तिसाव्या वर्षी जाते, ती तेहेतिसाव्या वर्षी. जी अगदी शेवटच्या घटकेला, पस्तिसाव्या वर्षी जाते, ती अडतिसाव्या वर्षी. म्हणजे विसापासून अडतिसापर्यंत कोणत्याही वयात माणूस नर्सिंगचे शिक्षण रीतसर पुरे करू शकतो.

याहून पुढचीही एक सोय आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. जिने ए. एन. एम. केले आहे, तिला पुढे जी. एन. एम.ला जाताना पस्तीस वर्षांची अट लावू नये, असे परिषदेच्या नियमांत आहे. म्हणजे उपकेंद्रावर दहा-पंधरा वर्षे काम केलेली चाळिशीची नर्सबाईसुद्धा पुन्हा विद्यार्थिनी होऊ शकते. नियम करणाऱ्यांनी हा दरवाजा मुद्दाम ठेवला, कारण अनुभवी माणूस पुढे शिकला तर रुग्णाचाच फायदा असतो.

आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील की, नियमात असेल, पण या वयात कोणी खरोखर शिकते का? अशांसाठी थोडा इतिहास सांगतो.

आधुनिक नर्सिंगचा पाया जिने घातला त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १८२० चा. घरची गर्भश्रीमंत, पण इस्पितळात काम करावयास घरच्यांचा कडक विरोध. तो विरोध सोसत सोसत ती जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे जाऊन सुमारे तीन महिने रीतसर शिकली ते १८५१ साली, म्हणजे वयाच्या एकतिसाव्या वर्षी. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करावयास ती गेली तेव्हा चौतीस वर्षांची होती. पुढे १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. त्या शाळेत उमेदवाराचे इष्ट वय कोणते ठरवले होते, ठाऊक आहे? पंचवीस ते पस्तीस! आज आपण पंचविशीच्या मुलीला 'वय निघून गेले' म्हणतो. त्या पहिल्या शाळेला मात्र पंचविशीच्या आतली मुलगी या कामाला कोवळी वाटत होती. आजारी माणसाची जबाबदारी घ्यायची तर थोडे जग पाहिलेले असावे, असा त्यामागचा विचार.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील मेरी महोनी यांचे. या कृष्णवर्णीय बाई. बॉस्टनच्या एका स्त्रियांच्या इस्पितळात त्यांनी वर्षानुवर्षे स्वयंपाक, धुणे, साफसफाई अशी कामे केली. त्याच इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत त्यांना १८७८ साली प्रवेश मिळाला, तेव्हा त्या बत्तीस वर्षे पुऱ्या करून तेहेतिसाव्यात होत्या. शिक्षणक्रम सोळा महिन्यांचा आणि इतका खडतर की बहुतेक विद्यार्थिनी मध्येच गळाल्या. महोनी यांनी १८७९ साली तो पुरा केला, चौतीस वर्षांच्या असताना, आणि त्या अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित कृष्णवर्णीय नर्स ठरल्या. ज्या इस्पितळाची लादी पुसली त्याच इस्पितळातून प्रमाणपत्र घेऊन त्या बाहेर पडल्या. मला हे वाचताना त्या मदतनीस बाईंची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

पुढच्या काळात तिकडच्या इस्पितळांच्या शाळा कोवळ्या वयाच्या अविवाहित मुलींनाच घेऊ लागल्या. विवाहित बाई म्हणजे अडचण असे मानू लागल्या. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सची टंचाई भासली. तेव्हा मिल्ड्रेड मॉन्टॅग या विदुषीने १९५१ साली दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाची योजना मांडली आणि ती सामुदायिक महाविद्यालयांतून अमलात आली. त्यामुळे घर-संसार असलेल्या, वयाने मोठ्या स्त्रियांना आणि पुरुषांनाही दार उघडले. आज तिकडे तिशी-चाळिशीत नर्सिंग पूर्ण करणाऱ्यांचे कोणाला नवल वाटत नाही.

हे झाले परदेशचे. आपल्या पुण्यातही अशीच परंपरा आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. त्या संस्थेने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना परिचारिकेचे आणि सुईणीचे शिक्षण देण्याची सोय केली. त्यांत विधवा होत्या, संसार अर्ध्यावर मोडलेल्या होत्या. त्या काळी हे काम हलके समजले जाई, शिवाशिवीचे प्रश्न होते, लोक नावे ठेवीत. तरीही त्या स्त्रिया शिकल्या. थोडक्यात, मोठ्या वयात नर्स होणे ही नवी फॅशन नव्हे. ती या विद्येची जुनी चाल आहे.

आता आपल्या समाजातील शंकांकडे येतो. पालक मला तीन गोष्टी विचारतात.

पहिली गोष्ट, हे काम आपल्या मुलींना शोभते का? मी कोणी आलिम नाही, शाळामास्तर आहे. पण हजरत रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) यांचे नाव आपण घरोघरी सांगावयास हवे. खंदकच्या लढाईतील जखमींची शुश्रूषा त्या करीत आणि त्यांचा तंबू खुद्द मस्जिदे-नबवीत लागला होता. दिल्लीच्या जामिया हमदर्दमधील नर्सिंग महाविद्यालयाला त्यांचेच नाव दिलेले आहे. आणि दुसरे असे, आपल्या बायका-मुली आजारी पडल्या म्हणजे आपण आधी काय विचारतो? 'लेडी डॉक्टर आहे का? नर्स आहे का?' सगळ्यांच्याच मुली नर्स होणार नसतील, तर आपल्या मुलींजवळ नर्स म्हणून उभे कोण राहणार?

दुसरी गोष्ट, लग्नाची. शिक्षणात वय गेले तर स्थळ मिळणार नाही, ही धास्ती. मी म्हणतो, हिशेब पाहा. बारावीनंतर जी. एन. एम. केले तर मुलगी एकविसाव्या वर्षी मोकळी होते. एकविसावे हे काही लग्नाचे वय उलटून गेल्याचे लक्षण नव्हे. शक्य असेल तर शिक्षण पुरे होईपर्यंत लग्न थांबवा. याचे कारण सांगतो. या शिक्षणात हजेरीचा नियम कडक आहे. वर्गातील आणि इस्पितळातील दोन्ही कामांची किमान ८० टक्के हजेरी असल्यावाचून परीक्षेला बसता येत नाही आणि प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी इस्पितळातील कामाची हजेरी पूर्ण शंभर टक्के भरून द्यावी लागते. लग्नासाठी, बाळंतपणासाठी रजा घेतली तर ते दिवस पुढे भरावेच लागतात. एकविसाव्या वर्षी पुरे व्हावयाचे ते तेविसाव्या, चोविसाव्या वर्षावर जाते. पण लग्न झाले असले तरी दार बंद होते असे नाही. विवाहित असणे ही परिषदेच्या नियमांत अपात्रता नाही. वसतिगृहात राहावे लागते काय, लहान मूल असल्यास काय करावे, हे मात्र त्या त्या कॉलेजात आधी विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट, 'पस्तीस-अडतीसाव्या वर्षी शिकून नोकरी कोण देणार?' हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर गोड करून सांगत नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत येण्यासाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३८ वर्षे आहे आणि मागासवर्गीयांची ४३. आपल्यातील मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गात मोडतात. त्यांनी जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. लष्कराच्या नर्सिंग सेवेची वयोमर्यादा याहून कमी आहे, ती संधी तरुण मुलींनीच घ्यावी. तेव्हा उशिरा शिकणाऱ्याला सरकारी नोकरीसाठी थोडीच वर्षे उरतात, हे खरे. परंतु खाजगी इस्पितळे आहेत, ट्रस्टची इस्पितळे आहेत, घरी जाऊन रुग्णसेवा करण्याचे काम आहे. आणि नोंदणी झालेल्या नर्सला अडतिसाव्या वर्षी मिळणारे काम हे नोंदणी नसलेल्या मदतनिसाच्या कामाहून सर्वस्वी निराळे असते. आखातात जाऊ इच्छिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, तिकडे नुसते प्रमाणपत्र चालत नाही. नोंदणी आणि इस्पितळातील अनुभव दोन्ही लागतात. म्हणून जितके लवकर पुरे होईल तितके चांगले.

याचा अर्थ मी उशीर करा असे सांगत नाही, हे ध्यानात घ्यावे. ज्याला आज जाता येते त्याने आजच जावे. पण ज्याचा उशीर होऊन गेला आहे, त्याला आपण 'आता काय उपयोग?' असे म्हणू नये. तीन वर्षे शिकलो तरी जाणार आणि न शिकलो तरी जाणारच आहेत. तिसाव्या वर्षीची बाई तेहेतीस वर्षांची होणारच. प्रश्न एवढाच की तेहेतिसाव्या वर्षी तिच्या हाती नोंदणीचे प्रमाणपत्र असेल की नसेल.

आता शिक्षक या नात्याने काही व्यवहाराच्या सूचना करतो. माझ्या टेबलावर येऊन अडलेल्या कागदांवरून त्या सुचल्या आहेत.

एक, जन्मतारीख आणि नाव. ज्या शिक्षणक्रमाला किमान आणि कमाल वयाची अट आहे, तेथे शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख हीच आपली चावी. कित्येक पालक पहिलीत नाव घालताना अंदाजाने तारीख सांगतात, आणि मग जन्माच्या दाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, आधार कार्डावर तिसरी. नावाचेही तसेच. कोठे 'शेख' पुढे, कोठे मागे. कोठे वडिलांचे नाव, कोठे नवऱ्याचे. मूल शाळेत आहे तोवर हे दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्रातील नोंद किंवा विवाहाचा दाखला जवळ ठेवा. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

दोन, मान्यता. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा पाट्या गावोगाव दिसतात. अशा ठिकाणी पैसे जातात, वर्ष जाते, आणि हाती येणाऱ्या कागदावर नोंदणी होत नाही. पंचविशीच्या मुलीचे एक वर्ष गेले तर ती सावरते. पण चौतिसाव्या वर्षी असे एक वर्ष वाया गेले तर दार कायमचे बंद होऊ शकते. फी भरण्यापूर्वी ती संस्था महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे काय, एवढे पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

तीन, प्रवेश परीक्षा आणि तारखा. त्या दरवर्षी जाहीर होतात. कधी नियम बदलतात, कधी मुदत वाढते. ज्या घरी वृत्तपत्र येत नाही आणि कोणाला संगणक येत नाही, त्यांनी शाळेत यावे. या वर्षापासून आम्ही काही शिक्षकांनी ठरवले आहे की, निकालानंतरचे पंधरा दिवस रोज दुपारी दोन तास शाळेत बसायचे आणि विचारावयास येईल त्याला माहितीपुस्तिका उघडून त्याच्यासमोर वाचून दाखवायची. तोंडी अंदाज सांगायचा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, विशेषतः दहावीत असलेल्यांनो, तुमच्याशी दोन शब्द. अकरावीला शाखा निवडताना मैत्रीण कोठे जाते ते पाहू नका. बी. एस्सी. नर्सिंगचा विचार असेल तर विज्ञान आणि त्यात जीवशास्त्र घ्यावेच लागेल. नंतर पस्तावून उपयोग नाही. ज्यांनी कला शाखा घेतली आहे त्यांनी इंग्रजीची भीती टाकावी, कारण जी. एन. एम.ची किल्ली इंग्रजीत आहे. मुलांनाही सांगतो, हे केवळ बायकांचे काम नाही. इस्पितळात 'ब्रदर' म्हणून काम करणारे तरुण तुम्ही पाहिले असतील. अशक्त रुग्णाला उचलताना, अपघात विभागात, मनोरुग्णालयात त्यांची फार गरज असते.

आणि माता-भगिनींनो, तुमच्याशी शेवटचे बोलतो. आज या मंडपात मुलांसाठी आलेल्या कित्येक भगिनी अशा असतील की ज्यांची स्वतःची बारावी झालेली आहे, वय तिशीच्या आसपास आहे आणि मनात कोठे तरी एक इच्छा गाडून ठेवलेली आहे. सभा संपल्यावर घरी जाऊन आपली जन्मतारीख काढा. ३५ मधून आपले वय वजा करा. जे उत्तर येईल तितकी वर्षे अजून आपली आहेत. नवऱ्यांना आणि सासू-सासऱ्यांना माझी विनंती आहे की, या वजाबाकीच्या वेळी त्यांनी शेजारी बसावे. मूल सांभाळणारे एक माणूस घरात असेल तर तीन वर्षे निभावून जातात. २०२० साली, महामारीच्या दिवसांत, आपल्या आप्तांजवळ आपण जाऊ शकत नव्हतो तेव्हा त्यांच्या उशाशी कोण उभे होते, हे आपण विसरलो नसू.

ज्या बाईंपासून मी सुरुवात केली, त्यांच्या मुलीने जीवशास्त्र घेऊन यंदा बारावी केली. तिचा बी. एस्सी. नर्सिंगचा फॉर्म आम्ही शाळेत बसून भरला. सगळे कागद तिच्या आईने स्वतः फाईलला लावून आणले होते, एकही कमी नव्हता. सारे नीट पार पडले तर ती मुलगी बाविसाव्या वर्षी नर्स होईल, इन्शाअल्लाह. सही करून निघताना तिची आई मला म्हणाली, "सर, माझ्यासारखी कोणी विचारायला आली तर तिला वय विचारू नका. आधी पुस्तक उघडा."

हा धडा बी. एड.च्या वर्गात मला कोणी शिकवला नव्हता. तो आपणांपर्यंत पोहोचवावा, एवढ्यासाठीच आज उभा राहिलो.